मापात

कीथलीला पोचले तेव्हा साडेनऊ.
स्टेशनपासून चढ, मग उतार, मग नोरीन ॲकरॉइडचं दुकान:
बटणं, झिपा, लोकर,
आणि कपडे घट्ट-सैल करून मिळतील.

माझ्या हातात लेझरचं माप. लाल ठिपका
काचेपासून सुटतो आणि मागच्या भिंतीवर बसतो
एखाद्या शहाण्या डासासारखा.

आमच्या खात्याचा हिशेब असा:
रस्त्याकडून पहिले वीस फूट, पूर्ण भाव.
पुढचे वीस, निम्मा.
त्यापुढे निम्म्याचा निम्मा.
नोरीन बसते अगदी आत,
शिवणयंत्राच्या पिवळ्या दिव्याखाली,
म्हणजे चार आण्यांत.
दर्शनी खिडकीत एक बिनडोक्याची बाई,
गळ्यात टेप.
तिला सोळा आणे.

सरकार लहानांच्या बाजूचं आहे.
पत्रकात तसं छापलंय,
पिठाने माखलेल्या हसऱ्या बेकरीवाल्यासकट.
लहान म्हणजे किती, तेही छापलंय:
जागेचं वर्षाचं भाडं आमच्या अंदाजाने
बारा हजार पौंडांच्या आत, तर कर माफ.
त्याच्या वर गेलात की
माफीची शिवण एकेक टाका उसवत जाते.

नोरीन अकरा हजार आठशेवर होती.
होती, म्हणजे मी तळघराचं दार बघेपर्यंत.

जुन्या नकाशात हे दार नाही.
तेरा पायऱ्या. खाली
न्यायला कुणी न आलेल्या कपड्यांची रांग.
शाळेचे गणवेश, ज्यांची मुलं आता टकली असतील.
एक लग्नाचा झगा, चिठ्ठीवर १९९४,
कमरेत दोन इंच सैल.
"नवरा पळाला," नोरीन म्हणाली,
"दोन इंच माझ्याकडे राहिले."

मी विचारलं, इथे ओल येते का?
ज्या सुरात विचारलं
तो सूर कुठल्याच परिपत्रकात नाही.
ओल असेल तर तळघर पुरतं धरत नाहीत.
हो म्हण, बाई.
नुसती मान हलव, मी पुढचं बघते.

"ओल? माझ्या दुकानात?"
तिने चष्मा कपाळावर चढवला.
"एकेचाळीस वर्षं लोकर ठेवतेय मी इथे.
एक गुंडा दाखव कुजलेला."

मापात पाप नको म्हणतात आमच्याकडे.
कुणाचं पाप, ते म्हणीत सांगत नाहीत.

परत चढताना माझा टॉर्च भिंतीवर गेला.
गुडघ्याच्या उंचीला एक रेघ,
पांढऱ्या रंगाचे तीन हात देऊनही
चहाच्या डागासारखी वर आलेली.
नदी कधीतरी इथवर येऊन, बसून, गेली होती.
मी बघितलं, आणि मी बघितलेलं नोरीनने बघितलं.
"सावली आहे ती," ती म्हणाली.
तेराही पायऱ्यांवर मग कुणीच बोललं नाही.

वर आल्यावर:
"कोट काढ. मघापासून लोंबतंय ते बटण."
डब्यांमागून डबे. माझ्याच रंगाचं नाही मिळालं
म्हणून जुनंच, पण मागे छोटं दुसरं लावून,
"आता कोट फाटेल, बटण नाही निघणार."

ती दोरा दातांनी तोडत होती
आणि मी बेरीज करत होते.
तळघर धरून बारा हजार चारशे दहा.

"ऐंशी पेन्स."
मी जरा थबकले असेन.
"फुकट दिलं तर लाच होईल," ती म्हणाली,
कार्बन सरळ केला, पावती लिहिली,
माझं नाव विचारून, दोनदा, स्पेलिंगसकट:
वृंदा अष्टपुत्रे. ओळ संपली तरी नाव उरलं.

गाडीत फोनवर फॉर्म उघडला.
शेवटी एक चौकोन, शेरा, दोनशे अक्षरं.
लिहिलं: तळघरात पुराची जुनी खूण, भिंत ओलसर.
खोटं नाही एकही अक्षर.

पण अहवालाची एक प्रत मालकाला जाते.
नोरीन ती वाचेल, चष्मा कपाळावरून खाली ओढून,
"ओलसर" पाशी थांबेल,
आणि मला खात्री आहे
अठ्ठावीस दिवसांच्या आत अपील करेल.